घोटल्याशिवाय दुगुन नाही

मंचावर खंजिरी नव्हती, आणि खंजिरी दुप्पट वेगानं वाजत होती.

सौंसरचं एक मंगल कार्यालय. दुपारचे चार. भजन स्पर्धा. आमची मंडळी संथ चालीत पहिल्या कडव्यानंतरचं ध्रुवपद म्हणत होती आणि स्पीकरमधून खंजिरी अशी सुटली होती, जशी पोळ्याला तोरणाखालून बैलजोडी सुटते. मुख्य गायक तुळशीराम काकाजी. त्यांचे दोन्ही हात मांडीवर होते. त्यांनी मान वळवून माझ्याकडं पाहिलं. मी लॅपटॉपकडं पाहिलं. लॅपटॉप निवांत होता. त्याच्या मते सगळं बरोबर चाललं होतं.

चूक माझी होती हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे वाचताना तुम्हाला गुन्हेगार शोधत बसायला नको. आता ती कशी झाली ते सांगतो.

मी पांढुर्ण्याचा. इंजिनिअर. काही वर्षं पुण्यात नोकरी केली आणि नंतर घरी परत आलो. कंपनी नागपूरची, माणसं अकरा, त्यातले दोन मालक. मी घरूनच काम करतो. काम काय, हे आमच्या गल्लीला अजून कळलेलं नाही. वडील निवृत्त शिक्षक आहेत. त्यांना मी एकदा नीट समजावून सांगितलं की हातवाऱ्यांवरून संगीत वाजवणारी यंत्रणा मी बनवतो. त्यांनी चष्मा पुसला आणि विचारलं, "म्हणजे हवेत हात हलवायचा पगार देतात?" मी हो म्हणालो. त्यांनी विषय बदलला.

तुम्हालाही थोडं सांगायला हवं. लाइव्ह कोडिंग म्हणजे लोकांसमोर बसून प्रोग्राम लिहायचा आणि तो लिहिता लिहिता संगीत वाजायचं. एक ओळ बदलली की ताल बदलतो. एक कंस चुकला की सगळं गप्प. ह्या कलेत एक शिरस्ता आहे : आपला स्क्रीन मागं मोठ्या पडद्यावर सगळ्यांना दाखवायचा. लपवाछपवी नाही. चूक झाली तर तीही लोकांनी बघायची. पुण्यात मी असा एक कार्यक्रम केला होता. श्रोते नऊ होते, त्यातले तिघं वेटर.

आमच्या कंपनीनं यात हात घातले. अक्षरशः हात. गायकासमोर कॅमेरा ठेवायचा. कॉम्प्युटर बोटांच्या प्रत्येक सांध्यावर एक हिरवा ठिपका टाकतो आणि त्या ठिपक्यांवर नजर ठेवतो. हात असा हलला की हा आवाज, तसा हलला की तो. पण यात एक गोम आहे. कॅमेऱ्यानं बघायचं, कॉम्प्युटरनं विचार करायचा, मग आवाज काढायचा. एवढ्यात ताल पुढं निघून जातो. पापणी लवायला लागतो तेवढाच उशीर, पण भजनात तेवढा उशीर म्हणजे वरातीत नवरदेव मागं राहण्यासारखं. म्हणून आम्ही अंदाज बांधणारी यंत्रणा बनवली. ती हाताकडं बघून आधीच ओळखते की आता काय येणार, आणि तयारीत राहते. तिला शिकवायचं कसं? तालमींचं भरपूर रेकॉर्डिंग दाखवायचं. ह्या हालचालीनंतर हे आलं, त्या हालचालीनंतर ते आलं. ती आपोआप शिकते. काय शिकते, ते मात्र सांगत नाही.

आमच्या बॉस मेघना मॅडम. त्यांना बंगळुरूच्या एका क्लायंटला दाखवायला व्हिडिओ हवा होता. लॅबमधला नको, खऱ्या स्टेजवरचा, खऱ्या कलाकाराचा. मला म्हणाल्या, तुमच्याकडं कोणी लोककलाकार असेल ना. मी म्हणालो, आमच्याकडं गल्लीगल्लीत भजनी मंडळ आहे. त्या म्हणाल्या, "एक पुरे. पण हात बोलणारे हवेत."

बोलणारे हात माझ्या डोळ्यांसमोर होते, पण ते दोन वर्षं गप्प होते.

तुळशीराम काकाजी जाम नदीच्या पलीकडचे, सावरगावचे. आमच्या भागात खंजिरी भजन असतं, म्हणजे गाणारा स्वतःच डाव्या हातात खंजिरी धरतो आणि उजव्या हाताची थाप देत गातो. काकाजींची थाप नदीच्या अलीकडं ऐकू यायची. दोन वर्षांपूर्वी संत्रा तोडताना ते शिडीवरून पडले आणि उजवं मनगट मोडलं. हाड जुळलं, पण वाकडं. हात हलायचा, अंगठा चालायचा, थाप मात्र बसायची नाही. खंजिरीवर हात मारला की कळ खांद्यापर्यंत जायची. तेव्हापासून त्यांनी भजनाला बसणं सोडलं. दुसऱ्याच्या थापेवर गाणं त्यांना जमेना. ते म्हणायचे, हे म्हणजे दुसऱ्याच्या दातानं भाकर खाणं.

मंडळ सहा जणांचं. पेटीवर गजानन, तो कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला. त्यानं मला स्वच्छ सांगितलं होतं की सौंसरच्या एका मंडळाचं त्यांना बोलावणं आहे. काकाजींचा मान म्हणून ते थांबले आहेत. ही स्पर्धा शेवटची. काकाजी बसले आणि भजन उभं राहिलं, तर मंडळ राहील. नाही तर बाकीचे सगळे तिकडं जाणार. काकाजींनाही हे माहीत होतं. कोणी त्यांच्या तोंडावर बोललं नव्हतं, एवढंच.

मी काकाजींकडं गेलो आणि सांगितलं की तुम्ही नुसते हात हलवा, खंजिरी मशीन वाजवेल. आवाज तुमच्याच खंजिरीचा. त्यांनी मनगट उलटसुलट करून पाहिलं.

"बाबू, म्हणजे हात माहा, आवाज माहा, अन् मार मशीन खाईन?"

"हाव काकाजी."

"मंग कवा बसाचं?"

तालीम गजाननच्या भावाच्या शेडमध्ये. संत्र्याच्या अंबिया बहाराची तोडणी संपत आली होती, शेडमध्ये रिकामे क्रेट रचलेले होते. त्यातल्या दोन क्रेटवर कॅमेरा, तिसऱ्यावर लॅपटॉप, चौथ्यावर मी. पहिले चार दिवस मशीन चुकत होतं. काकाजी उजव्या हाताची बोटं हवेत हलकेच टेकवल्यासारखी करायचे आणि खंजिरी कधी आधी, कधी नंतर वाजायची. गजानन मला इंजिनिअर साहेब म्हणायचा. ती पदवी नव्हती.

पाचव्या दिवसापासून मात्र फरक पडला. खास करून दुगुनीला. दुगुन म्हणजे चाल दुप्पट करणं. भजन संथ सुरू होतं, रंगत जातं, आणि एका क्षणी गायक चाल दुप्पट करतो. तो क्षण ठरलेला नसतो. कधी दुसऱ्या कडव्यानंतर, कधी चौथ्या. गायकाच्या मनात येईल तेव्हा. तीच त्याची कला. आणि आमचं मशीन तो क्षण बरोब्बर ओळखायला लागलं. काकाजींनी दुगुन घ्यायच्या आधीच मशीन तयार. एकदाही चूक नाही. मी आकडे तपासले, परत तपासले. मग मेघना मॅडमना लांबलचक मेल लिहिली. आपली यंत्रणा आता कलाकाराच्या मनातला हेतू ओळखते, असं त्यात लिहिलं. हेतू हा शब्द ठळक केला. मॅडमनी तो क्लायंटच्या प्रेझेंटेशनच्या पहिल्या पानावर टाकला.

हे ओळखणं कुठून आलं, हे मी तपासलं नाही. निकाल चांगला आला की इंजिनिअर कारण शोधत नाही. कारण शोधायला निकाल वाईट यावा लागतो.

गजाननला कारण दिसलं होतं. काकाजींची चाळीस वर्षांची सवय अशी. दुगुन घ्यायच्या आधी ते गाणं बाकीच्यांवर सोडायचे. बाकीचे ध्रुवपद घोळवत राहायचे. तेवढ्या सवडीत काकाजी कनवटीची डबी काढायचे, डाव्या तळहातावर तंबाखू आणि चुना घ्यायचे, आणि उजव्या अंगठ्यानं घोटायचे. आमच्याकडं तंबाखू मळत नाहीत, घोटतात. मग तळहातावर तीन टाळ्या, धूळ उडवायची, चिमूट ओठाखाली, आणि दुगुन. पडण्याआधीही हेच, पडल्यानंतरही हेच. मनगट मोडलं होतं, अंगठा नव्हता मोडला. आणि हे सगळं कोणती भजनं गाताना? व्यसनमुक्तीची. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाले, "मी लोकायले सांगून राहिलो बाबू. मले थोडी सांगून राहिलो."

गजानन एका दुपारी पेटीचा भाता बंद करत म्हणाला, "साहेब, तुमचं मशीन काकाजीच्या मनात नाही पाहून राहिलं. डबीत पाहून राहिलं."

मी हसलो. त्याला शेजारी बसवलं आणि मशीन कसं शिकतं ते अर्धा तास समजावलं. हजारो हालचाली, त्यांचे संबंध, त्यांतून उमलणारा अर्थ. तो ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, तेच तर म्हणून राहिलो. आणि घरी गेला.

स्पर्धेच्या दिवशी आम्ही संत्र्याच्या पिकअपमधून निघालो. वाटेत जामसांवलीला मारुतीचं दर्शन. तिथला मारुती निजलेला आहे. काकाजींनी मला लॅपटॉप देवासमोर ठेवायला सांगितलं, शेंदराचं बोट लावू म्हणाले. मी वॉरंटीचं कारण दिलं. ते म्हणाले, आमचा देव निजून सगळं काम करते, तुमचं मशीन जागं राहून काय करते ते आज पाहू.

सौंसरच्या हॉलमध्ये गर्दी होती. आयोजन समितीचे अध्यक्ष वानखेडे सर, निवृत्त मुख्याध्यापक. छातीवर 'व्यसनमुक्त गाव' असा बिल्ला. त्यांनी माइकवरून नियम वाचले. प्रत्येक मंडळाला दहा मिनिटं. वाद्य कोणतंही चालेल. विषय व्यसनमुक्ती. आणि चौथा नियम त्यांनी दोनदा वाचला : मंचावर तंबाखू, खर्रा, विडी, काहीही सेवन करताना दिसलं तर ते मंडळ बाद.

काकाजींनी निमूटपणे कनवटीची डबी काढून पिकअपच्या ड्रायव्हरकडं दिली. मला बरं वाटलं. व्हिडिओ स्वच्छ येईल, एवढाच विचार माझ्या डोक्यात आला. मशीनचं काय होईल हा विचार आला नाही. तीन आठवडे ज्या माणसानं घोटल्याशिवाय एकदाही दुगुन घेतली नव्हती, त्याची डबी माझ्या डोळ्यांसमोरून गेली आणि मी चार्जरची पिन तपासत होतो.

सहा मंडळं झाली. सातवे आम्ही. मी कडेला खाली बसलो. मंचाच्या मागच्या भिंतीवर उंचावर पांढरा पडदा लावला होता. त्यावर माझा कोड. आणि लोकांना मौज वाटावी म्हणून कॅमेऱ्यातलं दृश्यही मी पडद्यावर टाकलं होतं, काकाजींच्या हातांवरच्या हिरव्या ठिपक्यांसकट. हॉलमध्ये कौतुकाची कुजबुज झाली. मी कॉलर नीट केली.

आता आपल्याकडची बैठक तुम्हाला माहीत आहे. पाहुणे श्रोत्यांत बसत नाहीत. मंचावर मागं सोफे असतात, त्यावर बसतात, कारण त्यांना ऐकायचं नसतं, दिसायचं असतं. कलाकार त्यांच्यापुढं सतरंजीवर. वानखेडे सर मधल्या सोफ्यावर होते. समोर सहा माणसांच्या पाठी. श्रोत्यांना सर फक्त मानेपासून वर दिसत होते. मांडीवर काय चाललंय ते कोणाला दिसत नव्हतं.

कॅमेऱ्याला दिसत होतं. कॅमेरा सतरंजीच्या काठावर जरा उंच स्टँडवर होता. काकाजींच्या खांद्यावरून सरांची मांडी थेट चौकटीत येत होती. आणि चारपर्यंत हात ओळखायची सोय मीच ठेवली होती. पुढं कधी जुगलबंदी झाली तर असावी म्हणून. शेडमध्ये काकाजींच्या मागं फक्त क्रेट होते, त्यांना हात नव्हते.

पहिलं कडवं छान झालं. काकाजींची बोटं हवेत टेकली, खंजिरी त्यांचीच बोलली. दोन वर्षांनी. पहिल्या रांगेतले काही म्हातारे माना हलवायला लागले. काकाजींचा आवाज मोकळा झाला. बाकीच्यांनी ध्रुवपद धरलं तसे त्यांनी हात मांडीवर टेकवले. आणि मागं सोफ्यावर वानखेडे सरांनी रुमालाआडून पुडी काढली.

पडद्यावर तिसऱ्या आणि चौथ्या हातावर हिरवे ठिपके उमटले. दहा फूट उंच. अंगठा गोल गोल फिरला. तीन टाळ्या पडल्या. आणि खंजिरी सुटली.

इथपर्यंत मी सुरुवातीलाच सांगितलं आहे. हॉलमध्ये जे झालं ते नव्हतं सांगितलं. आधी एक बाई हसली. मग दुसरी. मग सगळा हॉल. पडदा सरांच्या डोक्यामागं होता, त्यामुळं त्यांना काही कळलं नाही. भजन रंगलं असं वाटून तेही प्रसन्नपणे हसले आणि चिमूट ओठाखाली सरकवली. तीही पडद्यावर दिसली.

मी घाईनं एक ओळ बदलली आणि चौकट लहान केली. सर पडद्यावरून गेले. हॉलमधून निराशेचा आवाज आला. खंजिरी काकाजींच्या हातात परत आली. मला वाटलं, निभावलं.

मग दुगुनीची वेळ आली.

बाकीचे ध्रुवपद घोळवायला लागले. काकाजींचा डावा हात सवयीनं कमरेशी गेला. डबी नव्हती. नियम आठवला असावा. त्यांनी हात परत आणला आणि सरळ दुगुन घेतली. आवाज दुप्पट, बोटं दुप्पट. खंजिरी मात्र संथ. मशीन वाट बघत होतं. त्याच्या हिशेबात अजून घोटलं नव्हतं, म्हणजे ही दुगुन असूच शकत नाही. हा म्हातारा उगीच हात झटकतोय. गाणारे पुढं पळाले, खंजिरी मागून बैलगाडीनं येत होती. गजाननची बोटं कोणाच्या मागं जावं ते न कळून पेटीवर अडकली. चाल तुटली. काकाजींनी परत प्रयत्न केला. परत तुटली. तिसऱ्या वेळी त्यांनी आपल्या मनगटाकडं पाहिलं. मशीनकडं नाही, मनगटाकडं. त्यांना वाटलं हात चुकतोय.

ते मला बघवलं नाही. अंदाज बांधणारा भागच बंद करायचा मी ठरवला आणि कोड उघडला. एक कंस राहिला. सगळं गप्प. पडद्यावर लाल अक्षरांत एररची आठ ओळींची यादी. चारशे माणसं ती वाचत होती.

काकाजी उभ्या आयुष्यात मंचावर गप्प बसलेले नाहीत. त्यांनी माइक जवळ घेतला आणि लोकांना सांगितलं की मंडळी, आज आमच्या खंजिरीले पहिल्यांदाच कोणी शिकवून राहिलं, ते थोडी रुसली आहे. लोक हसले. तेवढ्यात मी जुना कोड परत आणला. घड्याळात साडेतीन मिनिटं उरली होती. जुना कोड म्हणजे परत तेच मशीन, तेच त्याचं अज्ञान.

गजाननच्या बाजूचा माइक बंद होता. तो न हलता, ओठही न हलवता म्हणाला, "काकाजी, याले घोटल्याशिवाय समजत नाही."

काकाजींनी माझ्याकडं पाहिलं. खरं आहे का, असं त्यांचे डोळे विचारत होते. अर्ध्या तासाचं भाषण मी ज्याला दिलं होतं, त्या माणसाचं म्हणणं बरोबर आहे हे सगळ्यांसमोर कबूल करायची ती वेळ होती. मी मान डोलावली. त्या दिवसातलं माझं हे एकच बरोबर काम.

काकाजींनी दोन्ही तळहात वर केले. आधी परीक्षकांना दाखवले, मग लोकांना. रिकामे. मग नवं भजन धरलं. त्यांचंच जोडलेलं :

"हाती चुन्याची डबी, मुखी देवाचं नाव,
असा भक्त पाहूनशानी हासे सारा गाव."

ध्रुवपद घोळायला लागलं. काकाजींनी कनवटीतून नसलेली डबी काढली. नसलेला चुना नखानं उचलला. डाव्या तळहातावर अंगठा फिरवला, हळूहळू, डोळे अर्धे मिटून, चाळीस वर्षांच्या सरावानं. ठिपक्यांना तंबाखू दिसत नाही, हात दिसतात. तीन टाळ्या. चिमूट उचलली, ओठाजवळ नेली, थांबले, लोकांकडं पाहिलं, आणि ती मागं फेकून दिली.

खंजिरी सुटली. ह्या वेळी बरोबर. काकाजी तिच्यावर स्वार झाले. हॉल उभा राहिला. तीन मिनिटांत त्यांनी तोच अभिनय आणखी दोनदा केला आणि दोन्ही वेळा मशीन शहाण्या बैलासारखं मागून आलं. घंटा वाजली तेव्हा पहिल्या रांगेतले म्हातारे टाळ्या वाजवत होते आणि काकाजी उजव्या हातानं डोळे पुसत होते. मनगट वाकडं होतं, पण पुसायला पुरेसं होतं.

गोष्ट इथं संपली असती तर मी ती लिहिली नसती.

एका मंडळानं हरकत घेतली. सावरगावच्या गायकानं मंचावर तंबाखू घोटली, आम्ही पाहिलं. चौथा नियम. परीक्षक तिघं. त्यांनी काकाजींना बाजूच्या खोलीत बोलावलं. मी आणि गजानन मागं. वानखेडे सर अध्यक्ष म्हणून हजर. काकाजी म्हणाले, तो अभिनय होता. एका परीक्षकांनी त्यांचा डावा तळहात जवळ घेतला आणि वास घेतला. मग दुसऱ्या परीक्षकांकडं बघितलं. वास येणारच. त्या तळहातावर चाळीस वर्षं तंबाखू घोटली होती, तो साबणानं जाणारा वास नव्हता.

परीक्षकांनी कागद पुढं ओढला. गजाननचा चेहरा पडला. मला दिसत होतं की बाद झालो तर सौंसरच्या मंडळाला तो आजच होकार देणार. काकाजींनी हात मागं घेतला आणि मांडीवर उपडा ठेवला.

मी भाबडेपणानं बोललो. मला खरंच दुसरं काही सुचलं नव्हतं.

"सर, कॅमेऱ्याचं पूर्ण रेकॉर्डिंग आहे. तळहात रिकामा होता की नाही, त्यात स्वच्छ दिसेल. सुरुवातीपासून लावू का?"

तिन्ही परीक्षकांनी मंचासमोर बसून पडदा बघितला होता. तिघंही एकदम टेबलाकडं बघू लागले. एकाला खोकला आला. वानखेडे सर गोंधळून त्यांच्याकडं बघत राहिले. मग त्यांच्यातल्या वडीलधाऱ्यांनी सरांच्या कानात काही सांगितलं. बरंच सांगितलं असावं. सरांचा हात आपोआप छातीवरच्या बिल्ल्याकडं गेला.

"सुरुवातीपासून?" त्यांनी मला विचारलं.

"हाव सर. कोणाला शंका नको."

सर उठले. त्यांनी काकाजींच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले की कलाकारावर अविश्वास दाखवणं ही आपली संस्कृती नाही. रेकॉर्डिंगची गरज नाही. अभिनय जिवंत होता म्हणूनच वासाचा भास झाला. परीक्षकांनी कागद परत घेतला. भास होऊ शकतो, असं तिघांचं एकमत झालं.

दुसरं बक्षीस मिळालं, आणि अभिनयासाठी एक शाल. शाल द्यायला सरच आले. ओठाखालचा फुगवटा अजून तसाच होता.

पुढचं थोडक्यात. मेघना मॅडमना व्हिडिओ पाठवला, सरांचा भाग कापून. क्लायंटला तळहातावर अंगठा फिरवण्याची ती मुद्रा फार आवडली. ही कोणत्या शास्त्रीय नृत्यातली, असं त्यांनी विचारलं. मॅडमनी मला विचारलं. मी खरं सांगितलं. मग त्या म्हणाल्या, "तू हे मेलमध्ये लिहू नकोस." आता ती मुद्रा आमच्या प्रॉडक्टमध्ये आहे, चाल दुप्पट करण्यासाठी. टेस्टिंगला बसलेली शहरी पोरं काचेच्या ऑफिसात तंबाखू घोटतात आणि तीन टाळ्या देतात. त्यांना माहीत नाही. मला हसू आवरावं लागतं म्हणून मी कॉलवर कॅमेरा बंद ठेवतो.

मी मशीन दुरुस्त केलं. नव्या तालमी रेकॉर्ड केल्या, डबीवर बंदी घालून. आता ते न घोटता दुगुन ओळखतं. खरंच ओळखतं, ह्या वेळी कारण तपासलं आहे, दोनदा. ते घेऊन मी शेडमध्ये गेलो. मंडळ पूर्ण होतं, सहाही जण. आसपासच्या गावांतून त्यांना बोलावणी येत होती, आणि प्रत्येक बोलावण्यात ते घोटायचं भजन पाहिजेच, असा निरोप होता.

काकाजींनी नवं मशीन दोन कडव्यांपुरतं ऐकलं आणि हात खाली ठेवले.

"हे राहू दे बाबू. जुनंच लाव."

मी म्हणालो, काकाजी, जुनं चुकीचं शिकलं आहे. त्याला तुमच्या मनातलं काही कळत नाही.

"नको कळू दे. माह्या मनात काय आहे ते मले ठावं आहे. त्याले कवा वाजवाचं ते समजलं म्हणजे झालं."

मी जुनं लावलं. सध्या तेच चालू आहे. मशीनला काही शिकवायला बसलात तर आधी समोरच्या माणसाचे हात काय करताहेत ते नीट बघा, त्याचं मन नंतर. आणि पेटीवाला काही सांगत असेल, तर त्याला अर्धा तास समजावण्यापेक्षा अर्धं मिनिट ऐका. माझा यात एक आठवडा आणि बरीचशी अब्रू वाचली असती.